एस्नातच्या तंबूतल्या शेंगा

१

दुपारी दोनच्या सुमाराला एकसुळ्या हत्तीनं एस्नात मुम्बाचा तंबू फाडला, आणि खरं सांगायचं तर येलेसानी न्कोमाला आधी बरं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं.

झांबियातल्या मुसिका सफारी कॅम्पात ही वेळ झोपेची. ऑक्टोबरातलं ऊन लुआंग्वा नदीच्या वाळूवर असं काही तापतं, की पाहुणे, गाइड, स्वयंपाकी सगळे जेवून आडवे होतात. त्या शांततेत कापड फाटल्याचा आवाज आला, मग भांडी बडवण्याचा, मग आचारी मॉफटच्या शिव्यांचा. येलेसानी धावत पोचला तेव्हा एकसुळ्या झाडीत परत चालला होता, लग्नातून जेवून निघालेल्या पाहुण्यासारखा. तंबू भुईसपाट झाला होता. एस्नात सुदैवानं आत नव्हती. खाटेच्या मोडक्या पायांमध्ये पिठाचं एक रिकामं पोतं फाटून पडलं होतं आणि सगळीकडं शेंगा विखुरल्या होत्या. मुसांगूच्या, पिवळ्या, कानातल्या डुलांसारख्या वळलेल्या. त्या शेंगांसाठी हत्ती मैलोन्‌मैल चालत येतात, आणि मुसांगूची झाडं आहेत नदीकाठी. तंबूंजवळ एकही नाही.

"येलेसानी, हे काय आहे?" मॅनेजर चिसेंगा धापा टाकत आला.

"शेंगा आहेत, साहेब."

"ते मलाही दिसतंय. मी आंधळा नाही, बेंबा आहे."

"त्यात फारसा फरक नसतो," मागून मॉफट म्हणाला. तो न्गोनी. बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींनी एकमेकांची अशी टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, ही पूर्वापार रीत.

"तू गप, उंदीरखाऊ. इथं माणसाची भाकरी जायची वेळ आलीय."

जायचीच होती. जनावराला आमिष दाखवणं हा या जंगलातला सगळ्यांत मोठा गुन्हा. ज्या गाइडच्या तंबूत आमिष सापडेल त्याचा परवाना जन्माचा गेला. एस्नातबद्दल जूनपासून कुजबुज चालूच होती, की ही बया नदीवाटेवर शेंगा टाकते, म्हणून हिच्याच पाहुण्यांना हत्ती जवळून दिसतात. ही कुजबुज कुणी सुरू केली? येलेसानीनं. शेकोटीपाशी, सहज बोलल्यासारखं, दोघांच्या कानात.

सोळा वर्षं तो या कॅम्पात गाइड होता. एस्नात चार वर्षांपूर्वी आली, तिला त्यानंच शिकवलं, आणि पंधरवड्यापूर्वी हेड गाइडची जागा मिळाली ती तिला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"पाच वाजता गेटकडं गाडी जाते," चिसेंगा म्हणाला. "तिच्यातून वनखात्याला पत्र धाडणं मला भाग आहे. तोवर तू जमीन बघ. तुझ्याइतकी जमीन कुणाला वाचता येत नाही. आणि…" त्यानं आवाज उतरवला, "तिचं गेलं तर ती जागा तुझीच आहे, हे काही मी विसरलेलो नाही."

सगळे पांगल्यावर येलेसानी तंबूच्या दाराशी उकिडवा बसला. वाळूवर हत्तीच्या पावलांचे परातीएवढे ठसे होते. एका ठशाच्या कडेला त्याची नजर अडकली. ठशाखाली बारीक अर्धगोल रेघा होत्या. केरसुणीच्या.

कॅम्प झाडणारा म्हातारा टेम्बो सकाळी सहाला लांब दांड्याचं दंताळं फिरवतो, त्याच्या रेघा सरळ असतात. शिवाय सहा ते दोन एस्नातनं चारदा आत-बाहेर केलं असेल, तिचा एक तरी बूट उमटायला हवा होता. वाळू मात्र कोरी. म्हणजे हत्ती यायच्या जरासं आधी कुणीतरी इथं वाकून, केरसुणीनं, आपली पावलं पुसली होती.

आणि स्वतःच्या दारातली स्वतःची पावलं कुणी पुसत नाही.

पोतं एस्नातनं ठेवलेलं नव्हतं. दहा मिनिटांत येलेसानीला हे कळलं. तो उठला, हात झटकले, आणि कुणाला काही बोलला नाही.

२

एस्नात स्वयंपाकघरामागं उपड्या खोक्यावर बसली होती. मांडीवर फाटका गणवेश. डोळ्यांत पाणी नव्हतं, हेही येलेसानीला खुपलं.

"मामा, तुम्हाला वाटतं मी हे केलं?"

ती त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायची. या खोऱ्यात मामाचा मान बापापेक्षा मोठा.

"मला काय वाटतं ते सोड. जेवणानंतर कुठं होतीस?"

"पाणवठ्यावरच्या आडोशाला. पाहुण्यांनी टेकून टेकून कूड मोडलाय, तो बांधत होते."

"तिकडं जाणार हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. जेवताना मनात आलं. रोज मी याच वेळी तंबूत झोपते." ती थांबली. तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "मामा, मी आत असते तर?"

"कुणालाच सांगितलं नाहीस?"

"लवनेसताईला तेवढं म्हटलं, की आज दुपारी कपडे घेऊन येऊ नका, मी नसेन. बस्स."

लवनेस म्हणजे येलेसानीची बायको. कॅम्पातले कपडे धुणं आणि इस्त्री तिच्याकडं. तिचं नाव त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. बायकोचं नाव तसंही त्याच्या कानावरून जायची सवयच झाली होती. त्याचं सगळं लक्ष समोर होतं. हीच ती पोरगी, जिला उलट्या वाऱ्यात कसं उभं राहायचं ते त्यानं शिकवलं. आणि गेल्या वर्षी हिनंच सहा पाहुण्यांदेखत त्याच्या छातीवर हात टेकवून त्याला थांबवलं होतं. पुढच्या झुडपात रानरेडा उभा होता. त्याला दिसला नव्हता, हिला दिसला. जीव वाचवल्याचे उपकार माणूस एकवेळ विसरेल, पण चारचौघांत वाचवल्याचे? ते सलत राहतात.

"तुझ्यावर खार खाणारं कोण आहे?" त्यानं विचारलं.

एस्नातनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "मोजायचे झाले तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल, मामा."

येलेसानीनं पाठ फिरवली. तो तडक स्वयंपाकघरात गेला.

मॉफट पाव मळत होता. उजवा गुडघा फडक्यानं आवळलेला. "ये, फौजदार. मीच केलं, लिहून घे. बाईनं चार पाहुण्यांसमोर मला सुनावलं, की उष्ट्याचा खड्डा उघडा टाकतोस, तरस येतील. माझ्या आईनंसुद्धा मला असं कधी सुनावलं नाही."

"मग बदला घेतलास?"

"घेतला असता. पण हा गुडघा बघ. महिनाभर मला धड वाकता येत नाही. खाली पडलेला कांदासुद्धा केल्विन उचलून देतो." मॉफटनं पीठ आपटलं. "जळतो मी तिच्यावर, नाही कोण म्हणतंय? तूही जळतोस. तुझा धूर तर माझ्या चुलीपेक्षा जास्त आहे."

"पोतं तुझ्याकडचं आहे."

"पिठाची पोती माझ्याकडचीच असणार. काल दोन रिकामी झाली. एक केल्विननं नेलं, पायपुसणं करायला. दुसरं…" मॉफट अडखळला. पिठाचे हात तसेच हवेत राहिले. "दुसरं कुणी नेलं ते राहू दे. आधी केल्विनकडं जाऊन ये."

"का?"

"जाऊन ये म्हणतो ना."

३

केल्विन लुंगू कॅम्पातला सगळ्यांत नवा गाइड. लुसाका शहरातला, बूट चकाचक, बोलणं त्याहून चकाचक. गेल्याच आठवड्यात एस्नातनं त्याला पाहुण्यांना जंगलात चालत नेण्याच्या परीक्षेत नापास केलं होतं.

"हो, मला वाईट वाटलं नाही," तो आपल्या तंबूच्या दारात उभा राहून म्हणाला. "तिचा तंबू पडला तेव्हा मनात म्हटलं, घे! मला म्हणाली होती, तुझ्या पायांचा आवाज मुलाखतीला निघालेल्या माणसासारखा येतो. आता तुम्हीच सांगा, अंकल, हे काय बोलणं झालं?"

येलेसानीला हसू आलं ते त्यानं दाबलं. तो आवाज खरंच तसा येत असे.

"पोतं कुठंय?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

येलेसानीनं खाली पाहिलं. पिठाचं पोतं, चौपदरी घडी घातलेलं, वर बुटांची धूळ.

"आणि झाडू?"

"झाडू? मी?" केल्विननं असं तोंड केलं, जणू कुणी त्याला नांगर मागितला. "टेम्बो कशाला आहे मग?"

याला पावलं पुसायची असती तर यानं एखादी फांदी तोडून वाळूवर फरफटवली असती. मॉफटला वाकता येत नाही. चिसेंगाला हेड गाइड घालवून पाहुण्यांपुढं तोंडघशी पडायचं नव्हतं. मग उरलं कोण? सगळ्यांत जास्त जळणारा माणूस उरला, पण तो तर स्वतः येलेसानीच. आणि त्यानं हे केलेलं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. क्षणभर त्याची त्यालाच शंका आली, इतकं ते त्याच्या मनासारखं घडलं होतं.

तो पुन्हा फाटक्या तंबूपाशी आला. साडेतीन होऊन गेले होते. दाराच्या डाव्या अंगाला जाड कापडाचा एक तुकडा पडला होता. तो त्यानं उचलला.

खाली केराचा चिमुकला ढीग होता. वाळलेली पानं, काड्या, दोन शेंगांचे तुकडे, नीट गोळा केलेले. आणि ढिगाच्या बरोबर मध्ये, केरसुणीच्या बुडख्यानं दाबलेला, वाटीएवढा गोल खळगा.

येलेसानीनं वाकून त्या खळग्यावर बोट फिरवलं.

दुपारनंतर काढलेला केर अंगणाबाहेर टाकायचा नाही. दाराच्या डाव्या बाजूला गोळा करायचा आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून केरसुणी उलटी करून दाबायचा. सकाळी मग भरायचा. ही त्याच्या आईची पद्धत. सगळ्या गावात तिची एकटीची. शेजारणी तिला हसायच्या. आणि ही पद्धत तिनं एकाच बाईला शिकवली होती, सुनेला.

त्याच्या कानावरून गेलेलं नाव आता वळून परत आलं. मॉफटचं दुसरं पोतंही आलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं बुटानं तो ढीग मोडला आणि वाळूत मिसळून टाकला.

४

लवनेस कोळशाची इस्त्री फिरवत होती. दोरीवर चिसेंगाचे शर्ट ओळीनं लटकत होते.

"साबणाखाली घालायला मॉफटकडून नेलेलं पोतं कुठं गेलं?" येलेसानीनं विचारलं.

"तुम्हाला कधीपासून माझ्या साबणाची काळजी?"

"लवनेस."

तिनं इस्त्री बाजूला ठेवली. तिच्याकडं पाहायची गरजच नव्हती, पण त्यानं पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. थकलेली होती.

"केर दाबून ठेवलास," तो म्हणाला. "आईसारखा."

"ठेवला का?" तिला खरंच नवल वाटलं. "हात आपोआप चालला असेल. पावलं पुसायची एवढंच डोक्यात होतं."

"वेडी आहेस का तू? अगं, ती जागा मला हवी होती, हे खरं. पण म्हणून माझ्यासाठी असलं काही…"

लवनेस हसायला लागली. ते हसणं त्याला आवडलं नाही.

"तुमच्यासाठी? चिसोमोचे बाबा, मी हे तुमच्यासाठी केलं असं वाटतंय तुम्हाला?"

"मग?"

"दोन वर्षं झाली. न्शिमाचा पहिला घास तोंडात जायच्या आत एस्नात. आज एस्नातनं वारा कसा ओळखला. एस्नात वाळूवर आधी टाच टेकते की चवडा. एस्नात मान कशी वळवते, एस्नातला माकडांच्या ओरडण्यावरून बिबट्या कसा कळतो. झोपताना एस्नात, उठताना एस्नात. चिसोमो परीक्षेत पहिली आली त्या दिवशीसुद्धा तुम्ही एस्नातच्या पाहुण्यांना रानकुत्री दिसली तेच सांगत होतात. एखाद्या बाईचं चालणं पुरुष एवढं निरखतो ते कशासाठी? मला काय अक्कल नाही?"

येलेसानीनं आ वासला. "अगं बाई, मी जळत होतो तिच्यावर! दातओठ खाऊन सांगायचो ना मी?"

"सांगायचात तिचंच ना? पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं."

"ती मला मामा म्हणते!"

"म्हणायला काय, काहीही म्हणतात."

तो खाली बसला. एवढ्या वर्षांत त्यानं सिंहिणीचं गुरगुरणं ओळखलं, हत्तीच्या कानांवरून त्याचा राग ओळखला, आणि घरात दोन वर्षं हे पेटत होतं त्याचा वासही आला नाही.

"ती आत असती तर मेली असती," तो म्हणाला.

"ती आत नसणार हे तिच्याच तोंडून ऐकल्यावर मी पोतं उचललं. मला कुणाला मारायचं नव्हतं. मला ती इथून जायला हवी होती. शेंगांचं तर तुम्हीच सुचवलंत. जूनमध्ये बोलला होतात ना, की ती आमिष टाकते म्हणून? मला वाटलं, तुम्हालाही तिच्यापासून सुटायचंय."

बाहेर चिसेंगाची हाक आली. "येलेसानी! पत्र लिहायला घेतोय!"

"केराचा ढीग मी मोडून टाकलाय," येलेसानी हळू आवाजात म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

"म्हणजे तिचा परवाना जाणार. आणि जागा तुम्हाला."

"हो."

लवनेसनं इस्त्रीतले कोळसे फुंकले. "ठरवा तुमचं तुम्ही. पण एक सांगते. आता बायकोला बुडवून तिला वाचवायला गेलात, तर माझं म्हणणं खरं होतं असं मी धरून चालेन. जन्मभर."

५

चहाच्या टेबलाभोवती सगळे जमले होते. पाहुणे अजून तंबूतून बाहेर पडायचे होते. चिसेंगाच्या पुढ्यात कागद होता, वर एस्नातचं नाव लिहून झालं होतं. एस्नात सरळ उभी होती. पलीकडं मॉफट आणि केल्विन. लवनेसही येऊन उभी राहिली होती, हात पुसत.

"काय वाचलंस जमिनीवर?" चिसेंगानं विचारलं.

येलेसानीनं आधी एस्नातकडं पाहिलं आणि मग बायकोकडं. गप्प राहिलं की सगळं त्याचं होतं. जागा त्याची, बायको सुरक्षित, घरात शांतता. आणि एक बाई, जिच्याइतकं जंगल या खोऱ्यात कुणाला कळत नाही, ती उद्यापासून भाजी विकेल.

"तिनं ठेवल्या नाहीत शेंगा," तो म्हणाला. "हत्तीच्या पावलांखाली केरसुणीच्या रेघा आहेत. हत्ती यायच्या आधी कुणीतरी आपले ठसे पुसलेत. एस्नातला आपल्याच दारातले ठसे पुसायचं काय कारण? चला, दाखवतो."

"मग कुणी?"

"पोतं धोबीघरातलं आहे. एस्नात तंबूत नसणार हे कॅम्पात एकाच माणसाला माहीत होतं. आणि तिथं जो केर दाबून ठेवलेला होता, तो माझ्या आईच्या पद्धतीनं. तो मी पायानं मोडला, तेही लिहा. माझ्या बायकोनं केलंय हे." त्यानं कागदाकडं बोट केलं. "आणि एस्नात आमिष टाकते ही आवई मी उठवली. ती खोटी आहे. तेही लिहा."

मॉफट चहाच्या किटलीकडं बघत राहिला. दुसरं पोतं कुणी नेलं ते त्यानं का गिळलं होतं, हे आता सगळ्यांना कळलं.

"का पण?" चिसेंगानं लवनेसला विचारलं. "नवऱ्याला जागा मिळावी म्हणून?"

लवनेसनं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. टाच आणि चवडा, मान वळवणं, वारा, माकडं, बिबट्या, सगळं येलेसानीच्याच शब्दांत. केल्विनला हसू फुटलं, पण एस्नातचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं.

चिसेंगानं कागद फाडून दुसरा घेतला. "लवनेस, तू आजच्या गाडीनं जा. हत्ती माणसांत आणलास, मला दुसरा इलाज नाही. येलेसानी, तुझं काय करायचं ते आता हेड गाइड ठरवेल."

"ठरवायचं काय त्यात?" येलेसानी म्हणाला. "मीही हिच्याबरोबर जातो. ही एकटी कशी जाईल?"

लवनेसनं झटकन मान वर केली.

पाचला गाडी सुरू झाली. लवनेस गाठोडं घेऊन मागच्या बाकावर बसली. येलेसानी चढणार एवढ्यात एस्नात आली. संध्याकाळच्या फेरीचे तिचे पाहुणे काही अंतरावर उभे होते.

"ताईंनी केलं ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "माफही लगेच करता येणार नाही. पण मामा, ताईंनी आज जे सांगितलं, ते खरंच तुम्ही रोज बोलायचात?"

"बोलायचो."

"मला कधी नाही बोललात. चार वर्षांत एकदासुद्धा नाही. मला वाटायचं, अजून काहीतरी चुकतंय माझं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "हेड गाइड झाले तर तरी हा माणूस एकदा 'बरं चालतेस' म्हणेल, म्हणून मी अर्ज केला. तेवढं ऐकायला मिळालं असतं ना, तर ती जागा मी मागितलीच नसती. तुम्हालाच मिळाली असती."

ती वळली आणि पाहुण्यांकडं गेली. तिनं मूठभर धूळ सोडून वारा पाहिला आणि रांग चालू लागली.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. येलेसानी एक पाय गाडीत, एक वाळूत असा उभा होता. मागच्या बाकावर बायको होती. तिचे कान इकडंच असणार, हे त्याला ठाऊक होतं. आता बोललो तर उरलेला जन्म हिच्या तावडीत सापडतो, हेही ठाऊक होतं.

"एस्नात!" तो मोठ्यानं ओरडला. सगळी रांग थांबली. "बरं चालतेस, पोरी! माझ्यापेक्षा बरं चालतेस!"

एस्नातनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त हात वर केला आणि ती पाहुण्यांना घेऊन झाडीत शिरली.

येलेसानी गाडीत चढला आणि उभाच राहिला. लवनेसनं त्याच्याकडं पाहिलं आणि शेजारच्या जागेवरचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"बसा," ती म्हणाली.